होकाराची व्याख्या

"चहा हवाय?" मी विचारलं. आई म्हणाली, "हो." दप्तर अजून खांद्यावरच होतं, बूटही काढले नव्हते, आणि निव्वळ गंमत म्हणून मी पुढे विचारलं, "की आज चहा नकोच आहे?" आई म्हणाली, "हो." तोच आवाज, तीच मान जराशी डावीकडे कललेली, तेच अर्धं हसू. उरलेलं अर्धं आता तिच्या चेहऱ्यावर उमटत नाही. मी हसायला लागले आणि ते हसू मध्येच अडकलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते ना, तसं. समोर नुसती भिंत, आणि दार उघडून उपयोग नाही. मी चहा ठेवला. पाण्याला उकळी येईपर्यंत ओट्याच्या कडेला धरून उभी राहिले आणि स्वतःला समजावलं, की तिचं लक्ष नसेल, मी फार भराभर बोलते, सगळे म्हणतात. कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला. तिनं तो सगळा प्यायला. म्हणजे तिला हवा होता. किंवा समोर ठेवला म्हणून प्यायला. या दोन वाक्यांपैकी कुठलं खरं, हे कपात बघून कळण्यासारखं नव्हतं, तरी मी तळाशी राहिलेला चोथा बघत बसले.

आणि त्या दिवशी मी केवढ्या तोऱ्यात घरी आले होते. गेल्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावरची मुलगी होते, हजेरीला ओ दिली तरी बाई परत नाव घ्यायच्या, असा माझा आवाज. यंदा तर्कशास्त्र हा विषय आला आणि मला काय झालं कोण जाणे. इतर विषयांत तुम्हाला काय येतं हे विचारतात. इथे तुम्हाला काहीच येत नसलं तरी चालतं, समोरच्याच्या दोन वाक्यांमधून तिसरं ओढून काढता आलं की झालं. पहिलं आधारविधान, दुसरं आधारविधान, म्हणून निष्कर्ष. मला ते 'म्हणून' इतकं आवडलं की मी येताजाता म्हणून-म्हणून करत सुटले. बाबा मला वकीलबाई म्हणायला लागले. बाबा कवळ्या बनवतात, दातांच्या प्रयोगशाळेत, आणि त्यांचं एक पालुपद आहे, की एकेक दात बरोबर असून भागत नाही, तोंड मिटल्यावर वरचे खालच्यावर बसले पाहिजेत. माझ्या प्रत्येक युक्तिवादावर ते जबडा मिटल्यासारखे दोन्ही हात एकमेकांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बसतंय. मागचा उजवीकडचा थोडा घास."

त्या दिवशी वर्गात व्याख्या चालल्या होत्या. तर्काच्या बाईंना बारा महिने सर्दी असते. आम्ही व्याख्या सांगायच्या आणि त्यांनी रुमालाआडून त्या फोडायच्या. खुर्ची म्हणजे बसायची वस्तू. "पायरीवर बसत नाहीस तू? अतिव्याप्त. नको ते आत आलं." खुर्ची म्हणजे चार पायांची बसायची वस्तू. "मुख्याध्यापकांची खुर्ची एका दांड्यावर फिरते. अव्याप्त. हवं ते बाहेर राहिलं." मग त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, वस्तू पुरे, आता एखाद्या कृतीची व्याख्या कर. माझ्या तोंडून निघालं, होकार. का निघालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलेल्या गोष्टीला हो म्हणणं म्हणजे होकार, मी म्हणाले. बाईंनी नाक पुसलं. "पोपटाला शिकवलं तर तोही म्हणतो." समजून-उमजून हो म्हणणं. "समजलंय हे बाहेरून कसं ओळखशील? आत शिरून बघणार का?" वर्ग हसला. मी पण हसले, पण बसले नाही. डोळे मिटून उभी राहिले. आणि मग ते वाक्य माझ्याकडे चालत आलं. "ज्याला त्याच वेळी नाही म्हणता आलं असतं, त्याचा हो म्हणजे होकार." बाईंनी रुमाल टेबलावर ठेवला, आणि तो त्या कधीच ठेवत नाहीत. म्हणाल्या, "हे फळ्यावर लिही. पुसू नका कुणी." माझं अक्षर फळ्यावर चढ चढत गेलं. मी घरापर्यंत जवळजवळ धावत आले. सगळ्यांत आधी आईला सांगायचं होतं.

आईला झटका आला तो गेल्या थंडीत. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाजू थोडी परत आली, काठी घेऊन ती न्हाणीघरापर्यंत जाते. बोलणं आलं नाही. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस तिच्या तोंडून नुसता वारा यायचा, आणि मग एका सकाळी बाबांनी "उशी उंच करू?" असं विचारलं आणि ती म्हणाली, "हो." अगदी तिच्याच आवाजात. बाबा कॉरिडॉरमध्ये जाऊन ओळख नसलेल्या माणसाला मिठी मारून आले. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, की कधीकधी एखादा शब्द मागे राहतो, जळालेल्या घरात एखादी बशी शाबूत सापडते तसा; पण आम्हाला तेव्हा बशीसुद्धा पुरे होती. आम्ही त्या बशीत जेवायला लागलो. बाबा दुपारी प्रयोगशाळेतून फोन करायचे. आई डाव्या हातानं फोन उचलायची. जेवलीस? हो. गोळी घेतलीस? हो. गॅसकडे गेली नाहीस ना? हो. बाबा फोन ठेवून पुन्हा मेणात दात बसवायला लागायचे. मी शाळेतून आले की तिच्या पलंगावर मांडी घालून दिवसभराचं सगळं ओतायचे, कोण काय म्हणालं, मी काय उत्तर दिलं, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी विचारायचे, बरोबर केलं ना मी? हो. गंमत आहे ना? हो. माझा अभिमान वाटतो ना तुला? हो. माझा आवाज वाढला तो तर्कशास्त्रानं वाढला असं सगळ्यांना वाटतं. मला आतून माहीत आहे की तो या हो-हो-वर वाढला. इतकं सलग हो मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

आईनं तर नाहीच. आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायची. गढूळ पाणी, कमी पाणी, शेजाऱ्यालाच कसं जास्त पाणी, दिवसभर तेच, आणि तिच्याकडे द्यायला होतं फक्त 'नाही'. पण ते असं घोटलेलं असायचं की लोक ते घेऊन आभार मानून जायचे. मी लहान असताना एकदा तिच्या मागच्या स्टुलावर बसून ते ऐकत होते. ताणलेलं 'नाही', त्यात उद्या परत या असं असायचं. तुटक 'नाही', त्यात विषय संपलेला असायचा. एक नुसतं भुवईचं होतं, ते ओळखीच्यांसाठी. घरी ती तीच मापं वापरायची. लाल बूट? भुवई. मैत्रिणीकडे राहायला जाऊ? ताणलेलं, म्हणजे अजून थोडं मागे लागायला हरकत नाही. कधीतरी ती हो म्हणायची, आणि त्या होची किंमत काय असायची ते मला आज कळतं. दहा नकारांच्या गर्दीतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आलेलं असायचं. आता गर्दी नाही. रस्ता मोकळा आहे, आणि त्यावरून सारखं तेच ये-जा करतंय.

कप धुताना मला दुसरी गोष्ट सुचली, आणि मी लाज न बाळगता सांगते, मला आनंदच झाला. मावशी येणार होती. आईची धाकटी बहीण. दुसऱ्या गावात तिचं तळमजल्याचं घर आहे, ती दिवसभर घरी असते, आणि आईला तिकडेच नेऊन ठेवायचं, असं तिचं आणि बाबांचं फोनवर ठरत आलं होतं. माझे हातपाय आपटून झाले होते. बाबांचं एकच उत्तर होतं. "मी तिच्या मनाविरुद्ध काही करत नाहीये. तिला विचारलंय. बहिणीकडे जायचंय का म्हटलं, हो म्हणाली." ते एकच आधारविधान होतं आणि सगळं त्याच्यावर उभं होतं. आणि आता ते माझ्या हातात सुटून आलं होतं, सैल झालेल्या दातासारखं. जी चहा हवा यालाही हो म्हणते आणि नको यालाही हो म्हणते, तिच्या होवरून काही निघत नाही. म्हणून तिनं मावशीकडे जायला होकार दिलेला नाही. म्हणून तिला नेता येणार नाही. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. त्या युक्तिवादाला करपल्यासारखा वास यायला लागला तो नंतर, संध्याकाळी, पलंगावर तिच्या शेजारी बसले तेव्हा. मी तिला फळ्याची गोष्ट सांगितली. बाईंनी रुमाल ठेवला इथपर्यंत आले आणि सवयीनं तोंड उघडलं, अभिमान वाटतो ना, असं विचारायला, आणि तसंच मिटलं. कारण युक्तिवाद असा थोडाच असतो की जिथे मला हवं तिथे लागू पडेल आणि जिथे नको तिथे तोंड फिरवेल. मावशीकडचा हो गेला की हाही जाणार. मागचे सगळे जाणार. ती माझं ऐकत होती ते दिवस, मला ओळखत होती ते दिवस. तिला इथे ठेवायचं तर मला त्यांच्यावर फुली मारावी लागणार होती. ती माझ्याकडे बघत होती, मान डावीकडे, आणि वाट बघत होती की मी विचारीन. की वाट बघत होती असं मला वाटत होतं. मी काहीच विचारलं नाही. दोघी खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघत बसलो.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. येताच तिनं पडदे सरकवले, उशांचे अभ्रे काढले, आईच्या केसांना तेल लावलं आणि मला म्हणाली, "किती गं वाळलीस पोरी. वाद घालून वाळलीस का?" मला मावशी आवडते, हीच तर अडचण होती. संध्याकाळी बाबा आले, नखांच्या कडेला नेहमीसारखं प्लास्टर. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. मावशी म्हणाली, "भावजी, खालची खोली मी रिकामी केली. ताईला एक पायरी चढायला लागणार नाही." बाबा म्हणाले, "चांगलं केलंस." मी म्हणाले, "आईनं होकार दिलेला नाही."

"दिलाय, वकीलबाई," बाबा म्हणाले. "तूच विचार हवं तर."

ते हेच म्हणण्याची मी वाट बघत होते. "आई, मावशीकडे जायचंय तुला?"

"हो."

बाबांनी हात पसरले. मी थांबले नाही. "आई, मावशीकडे नाही जायचं, इथेच राहायचंय तुला?"

"हो."

मावशी हसली. "दोन्ही घरं आपलीच आहेत, मग काय म्हणेल ती."

"आई, बाबा तुझे भाऊ आहेत ना?"

"हो."

"मावशी खिडकी दुरुस्त करायला आलीय ना?"

"हो."

मावशीचं हसू पुसल्यासारखं गेलं. आई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती, प्रसन्न, पाहुण्यांचं बरं चाललंय हे बघावं तशी. मी सगळं नीट मांडलं. फळ्यावरची व्याख्या सांगितली, आधारविधानं सांगितली, आवाज कुठेही चढवला नाही. मला वाटलं बाबा दोन्ही हात एकमेकांवर ठेवून बघतील. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. मग ते आईकडे वळले आणि तिच्याशी बोलताना वापरतात त्या खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्यावर राग आहे का गं तुझा?"

"हो," आई म्हणाली.

हे काय होतं ते मला त्या क्षणी कळलं नाही. मावशीला कळलं, तिनं तोंडावर हात ठेवला. झटका आला त्या सकाळी आईनं बाबांना फोन केला होता, की हात जड वाटतोय, आणि बाबा म्हणाले होते, एक कवळी आज द्यायचीय, तेवढी उरकून येतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नसे. बाबांनी तिला नंतर विचारलं असणार, पुन्हा पुन्हा विचारलं असणार, पण एकाच बाजूनं. राग नाही ना? माफ केलंस ना? आणि ती दरवेळी हो म्हणाली असणार, आणि तेवढ्यावर हा माणूस रोज उठून कामाला जात होता. आज त्यांनी दुसऱ्या बाजूनं विचारलं. ते उठले, मोरीशी गेले आणि आधीच धुतलेले हात धुवायला लागले. नळ बराच वेळ वाहत होता. मी म्हणणार होते की बाबा, या होवरूनही काही निघत नाही, राग आहे असंही नाही. तर्कानं ते अगदी बरोबर होतं. पण त्यांच्या पाठीकडे बघून ते बोलायला जीभ उचलली नाही.

मावशी उठली ती सरळ आईच्या पलंगाच्या उशाशी गेली आणि गोळ्यांची डबी घेऊन आली, वारांचे कप्पे असलेली. सरलेल्या वारांचे सकाळचे कप्पे रिकामे होते, रात्रीचे रिकामे होते, कारण त्या गोळ्या आम्ही देतो. दुपारचे सगळे भरलेले. तिनं डबी टेबलावर उघडी ठेवली, आपटली नाही, नुसती ठेवली.

"भावजी, दुपारी फोनवर तुम्ही विचारता ना, गोळी घेतलीस का?"

बाबांनी नळ बंद केला.

"पोर बरोबर बोलतेय," मावशी म्हणाली. "तिच्या होला अर्थ नाही. मग तिला दिवसभर एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? उद्या दारात कुणी उभा राहिला आणि म्हणाला, आत येऊ का? काय म्हणेल ही?"

आई डबीतल्या रंगीत गोळ्यांकडे बघत होती. तिच्यासमोरच हे सगळं चाललं होतं आणि आमच्यापैकी एकानंही आवाज खाली केला नव्हता.

"मी घरी राहीन," मी म्हणाले.

"आणि शाळा?"

"शाळा सोडीन."

"नाही," बाबा म्हणाले. मोरीशीच उभे राहून, माझ्याकडे न बघता. तुटक. त्यात विषय संपलेला होता. मी समोरच्या डबीकडे बघत होते. मावशीनं माझंच वाक्य उचललं होतं, एक काना-मात्रा न बदलता, आणि त्याच्या टोकाला वेगळा निष्कर्ष जोडला होता. आणि तो बसत होता.

दुसऱ्या दिवशी मी तर्काच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हणाले, माझं कुठे चुकलं ते दाखवा, मी परत मांडते. त्यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये एकदा शिंकल्या, सॉरी म्हणाल्या. बराच वेळ टेबलावरच्या खडूच्या तुकड्याला बोटानं इकडून तिकडे ढकलत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठेच नाही चुकलं गं. मावशीचंही नाही." मी म्हणाले, असं कसं, चूक असणारच. त्या म्हणाल्या, "चूक असली की बरं असतं. दुरुस्त करता येते." मी वर्गात गेले. फळ्यावरची व्याख्या कुणी पुसली नव्हती, भोवतीनं गणितं सोडवलेली होती, नदीतल्या खडकाभोवती पाणी जावं तशी. त्या आठवड्यात मी कुणाशी वाद घातला नाही. बाबांनी मला एकदा वकीलबाई म्हणून हाक मारली आणि मग लगेच नुसती हाक मारली.

रविवारी गाडी आली. मावशीनं आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, तो ठेवला तिथेच राहतो. बाबांनी पिशव्या मागे लावल्या आणि आपण दर शनिवारी येणार हे ते मावशीला परत परत सांगत होते, मावशी दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवत होती. मी दारातून वाकले, पट्टा नीट लागलाय का बघायला. आईच्या अंगाला तेलाचा वास होता आणि इस्त्रीचा. मी पट्ट्याचं कुलूप चाचपलं आणि उभी राहायला गेले तर राहता येईना. तिच्या डाव्या हातानं माझ्या स्वेटरची बाही धरली होती. मला वाटलं चुकून अडकली असेल, म्हणून हलकेच ओढली. पकड वाढली. डाव्या हाताला तिच्या काही झालेलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते अर्धं हसू नव्हतं.

"काय झालं?" मागून मावशीनं विचारलं. बाबा गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी हात पाहिला. "सोड गं तिला," ते म्हणाले, "आम्ही येतोच आहोत. सोडतेस ना?" ती म्हणाली, "हो," आणि सोडलं नाही. बाबांनी तिच्या बोटांवर बोटं ठेवली, मिनिटभर तशीच ठेवली, मग काढून घेतली आणि तोंड फिरवून उभे राहिले. ज्यांची बोटं मेणात एकेक दात बसवतात, त्यांना ते जमलं नाही. सगळं माझ्यासमोर होतं. इतकं स्पष्ट की मांडायची गरज नव्हती, आणि मांडून उपयोगही नव्हता, कारण आता तिच्या मनात काय आहे यावर काही ठरणारच नव्हतं. दुपारचं रिकामं घर आणि भरलेले कप्पे यांच्यावर ते ठरून गेलं होतं, ते मीच ठरवून दिलं होतं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि नजर खाली घेतली. मी तिची बोटं सोडवायला लागले. करंगळी आधी. एक सुटलं की ती दुसरं घट्ट करायची, आणि सारखी माझ्याकडे बघत म्हणत होती, हो, हो, हो. मी तर तिला काहीच विचारलं नव्हतं.